टपालाने येणारे कार्ड

शाईदौत

पोस्टकार्ड ही केवळ जुन्या काळाची आठवण म्हणून जपायची वस्तू आहे, असे मला वाटत नाही. आजही ते कोणालाही लिहिता येते, त्याला खर्च नगण्य येतो, आणि ते लिहिण्यात व मिळण्यात जो आनंद आहे तो अन्य कोणत्याही निरोपात मला सापडलेला नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

मुंबईत राहणाऱ्या आपणा सर्वांच्या फोनवर दिवसभर निरोप येत राहतात. त्यांतले बहुतेक आपण वाचतो, उत्तर देतो आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो. पण इमारतीच्या जिन्याखाली असलेल्या टपालपेटीत, विजेचे बिल आणि बँकेची पाकिटे यांच्यामध्ये, हाताने लिहिलेले एखादे कार्ड निघाले, तर माणूस ते जिना चढतानाच वाचू लागतो, घरात गेल्यावर पुन्हा वाचतो, आणि पुढचे कित्येक महिने ते देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा आरशाच्या चौकटीत खोचलेले राहते. मजकूर पाहिला तर त्यात विशेष असे काही नसते. तरीही ते टाकून देववत नाही.

याचे कारण, माझ्या मते, कार्डावर लिहिणाऱ्याचा वेळ दिसतो हे आहे. कोणीतरी बसले, आपला पत्ता शोधला, शाई पुसली जाणार नाही असे पेन घेतले, आणि पेटीपर्यंत चालत गेले. शिवाय कार्ड उत्तरासाठी तगादा लावत नाही. ते आपण वाचले की नाही, केव्हा वाचले, हे पाठवणाऱ्याला कळण्याची सोय नसते, आणि त्यामुळे पाठवणारा व घेणारा दोघेही मोकळे राहतात. लगेच उत्तर द्यावे लागणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी कार्ड जितक्या निवांतपणे वाचतो तितके दुसरे काही वाचत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे जागेची मर्यादा. आपले साधे पिवळसर कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. मागची पूर्ण बाजू आणि पुढच्या बाजूचा डावा अर्धा भाग, एवढेच आपले. तेवढ्यात काय सांगायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवताना ज्याला लिहायचे त्या माणसाचा विचार करावाच लागतो. माझ्या चिपळूणच्या मावशीचे अलीकडचे एक कार्ड इथे उतरवून देतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल:

"चि. यास अनेक आशीर्वाद. मागच्या आंब्याला मोहोर बरा आला आहे, पण हवा ढगाळ असल्यामुळे धास्ती वाटते. विहिरीचा रहाट दुरुस्त करून घेतला. तुझी निळी छत्री इथेच राहिली आहे. ती न्यायला का होईना, ये. मावशी."

हाच मजकूर तिने फोनवर सांगितला असता तर मी "हो, हो, येतो" म्हणून विषय बदलला असता. कार्ड समोर असल्यामुळे मला तसे करता आले नाही. मी गेलो.

आपल्यापैकी कोण कोण अजून कार्डे लिहिते, कोणाला लिहिते, आणि कोणाकडून येतात, हे सविस्तर वाचायला आवडेल.

चाळकरी

शाईदौत, मावशींचे कार्ड वाचून फार बरे वाटले. रहाट, मोहोर आणि छत्री यांना एका पंगतीत बसवावे ते कार्डानेच.

माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. गावी निघालेल्या प्रत्येकाला आमच्याकडे एकच गोष्ट बजावून सांगितली जाई: "पोचल्याचे कार्ड टाक." ज्याला लिहिता येत नसे त्याच्या पिशवीत आमचा पत्ता आधीच लिहिलेले कार्ड घालून देत. गावातल्या मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या आणि पेटीत टाकायचे, एवढेच त्याचे काम. ते कार्ड परत येईपर्यंत घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण पोस्टमनच्या वेळेला आजी गॅलरीत येऊन उभी राहत असे. "सुखरूप पोचलो. बोट वेळेवर लागली." यापलीकडे त्यात काही नसे, आणि कोणाला काही नकोही असे.

कार्ड उघडे असते, कोणीही वाचू शकते, ही त्याची उणीव आहे असे बरेच जण मानतात. आमच्या चाळीत तोच त्याचा गुण होता. तिसऱ्या मजल्यावरचे कार्ड तळमजल्यापासून वाचले जात वर येई, आणि लिहिणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असे. म्हणून शेवटी "शेजारच्या काकूंस नमस्कार, बाळगोपाळांस आशीर्वाद" असे लिहिलेले असायचे आणि काकूही तो नमस्कार हक्काने घ्यायच्या. मुलगी पसंत पडली, धाकटा वरच्या वर्गात गेला, गाय व्याली, अशा सगळ्यांनी ऐकाव्यात अशा बातम्या कार्डावर येत. पैशाच्या अडचणी आणि भावाभावांतली भांडणे आंतरदेशीय पत्रात किंवा बंद पाकिटात जात. कुठली गोष्ट कशावर लिहायची याचा विवेक त्या वेळी अगदी साध्या माणसांकडेही होता, आणि आज त्याची आठवण मला वारंवार होते.

कार्डाचे दर्शनही बोलत असे. वर मधोमध "श्री", उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग "ती. बाबांस शि. सा. न. वि. वि." ही सुरुवात. या आद्याक्षरांनी जागा वाचे, आणि पहिल्या वाक्याच्या आधीच कोण कोणाला लिहीत आहे हे स्पष्ट होई. लग्नाच्या पत्राला कोपऱ्यांवर कुंकवाची बोटे लावलेली असत. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डावर मात्र वरचे "श्री" नसे. ते दारातच वाचून फाडून टाकत आणि घरातली माणसे अंघोळीला उठत. पोस्टमनला ते कार्ड देताना काय सांगावे हे कधी सुचत नसावे. तो ते हातात न देता उंबऱ्याजवळ ठेवून खाली मान घालून जात असे, हे मी पाहिले आहे.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी बोरीबंदरच्या जीपीओसमोर, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीसमोर, कबुतरखान्याच्या बाजूला, ताडपत्रीच्या आडोशाला बसणारे पत्रलेखक होते. हमाल, गिरणी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, असे देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुंबईत आलेले लोक त्यांच्याकडून गावी कार्डे लिहून घेत आणि मनिऑर्डरी भरून घेत. आलेले पत्र वाचून दाखवण्याचे कामही तेच करत. आपल्या घरातली सगळी सुखदुःखे एका परक्या माणसाच्या अक्षरात गावी जातात, याचा त्या लोकांना संकोच वाटत नसे, कारण त्या लेखकावर त्यांचा विश्वास असे. आता तिथे जी थोडी माणसे उरली आहेत ती मुख्यतः पार्सले शिवून देतात आणि फॉर्म भरून देतात.

जाईजुई

मी बोरिवलीला राहते आणि गेली काही वर्षे पोस्टक्रॉसिंगच्या माध्यमातून जगभरातल्या अनोळखी लोकांना कार्डे पाठवते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणाने २००५ साली हा उपक्रम सुरू केला. आपण संकेतस्थळावर नाव नोंदवून पत्ता मागितला की जगातल्या कुठल्याही एका सदस्याचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. भारतातून जाणाऱ्या कार्डाच्या क्रमांकाची सुरुवात "आयएन" अशी होते. तो क्रमांक कार्डावर लिहायचा. कार्ड पोचल्यावर तो सदस्य क्रमांकाची नोंद करतो, आणि मग आपला पत्ता तिसऱ्याच कोणाच्या तरी हाती जातो. म्हणजे ज्याला आपण पाठवले त्याच्याकडून आपल्याला कार्ड येत नाही. ही रचना मला फार आवडते. इथे परतफेड नसते. आपण कोणाला तरी देतो आणि आपल्याला कोणीतरी भलताच देतो.

माझ्या पेटीत आलेले एक कार्ड फिनलंडचे होते. चित्रात लाकडी घर आणि गोठलेले तळे. मागे एका वयस्कर बाईंनी अत्यंत ठसठशीत अक्षरात लिहिले होते की तळ्यावरचा बर्फ कोणत्या दिवशी फुटेल यावर त्यांच्या गावात दर वर्षी अंदाज बांधले जातात, त्यांच्या यजमानांचा अंदाज नेहमी चुकत असे, आणि आता ते नाहीत तर त्यांच्या वतीने त्या स्वतः मुद्दाम चुकीची तारीख सांगतात. मी बोरिवलीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचले आणि गॅस बारीक करून पुन्हा वाचले. त्या बाईंना मी ओळखत नाही, त्यांची आणि माझी भेट होणार नाही. पण त्यांनी ही गोष्ट मलाच का सांगितली असेल याचा विचार करते तेव्हा वाटते की अनोळखी माणसाला सांगणे कधी कधी सोपे जात असावे.

एकदा मला जर्मनीतल्या एका रेल्वेचालकाचा पत्ता मिळाला. त्याने आपल्या माहितीत लिहिले होते की त्याला जगभरच्या स्थानकांची चित्रे हवी आहेत. मी त्याला आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे चित्र असलेले कार्ड पाठवले आणि लिहिले की भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि मीही रोज लोकलने त्याच बाजूला कामाला येते. कार्ड पोचल्याची नोंद करताना त्याने कळवले की त्याने ते गाडीच्या केबिनमध्ये नेऊन सहकाऱ्यांना दाखवले. माझ्या हातची चार वाक्ये जर्मनीतल्या गाडीत प्रवास करून आली, याचा आनंद मला पुढे कित्येक दिवस पुरला.

सर्वच कार्डे पोचतात असे नाही. एखादे वाटेत महिनोन्महिने राहते, एखादे कधीच पोचत नाही. तरीही प्रत्येक कार्ड पोचेल अशाच विश्वासाने लिहिते.

तळटीप

जाईजुई, तुमचे फिनलंडचे कार्ड खरोखर सुंदर आहे, तरीही मी एक वेगळे मत नोंदवू इच्छितो. अनोळखी लोकांना कार्डे पाठवणे हा चांगला छंद आहे, परंतु त्याला मी पत्रव्यवहार म्हणणार नाही. तिथे आपली वाट कोणी पाहत नाही. आपले कार्ड गेले नाही तर त्या माणसाला दुसऱ्या कोणाचे जाईल, आणि त्याला आपण नव्हतो हे कळणारही नाही.

माझी आत्या सांगलीला असते. वय झाले आहे, ऐकू फार कमी येते, आणि त्यामुळे फोन ही तिच्यासाठी शिक्षा झाली आहे. समोरचा काय बोलतो ते कळत नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारायचा संकोच वाटतो, म्हणून ती "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून देते. अशा माणसाला कार्ड हेच योग्य साधन आहे, कारण ते तिला भिंग घेऊन आपल्या गतीने वाचता येते आणि दुपारी पुन्हा काढता येते. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात अशी एक-दोन माणसे असतात. त्यांना कार्ड लिहायचे राहून जाते आणि परदेशी तळ्यांची चित्रे आपण जमवत राहतो, हे मला पटत नाही. शिवाय चित्रे आणि तिकिटे जमवण्याचा नाद एकदा लागला की मजकुराकडे दुर्लक्ष होते, ही भीतीही मला वाटते.

शाईदौत

तळटीप, आत्यांविषयी आपण लिहिलेले मनाला लागले. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी कार्ड हा केवळ हौसेचा विषय राहत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मात्र अनोळखी माणसाची वाट कोणी पाहत नाही, या म्हणण्याशी मी सहमत नाही. पोस्टक्रॉसिंगवर आपले नाव नोंदवून रोज पेटी उघडून पाहणारा माणूस वाटच पाहत असतो. कोणाची, ते त्याला ठाऊक नसते इतकेच. आत्यांना लिहिण्याचा क्रम पहिला, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे.

टपालवेडा

या वादात थोडा इतिहास उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहितो.

पोस्टकार्डाचा जन्मच दोन ओळींच्या निरोपासाठी झाला. ऑस्ट्रियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमान्युएल हेरमान यांनी असा मुद्दा मांडला की किरकोळ निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण टपाल हंशील यांचा खर्च करायला लावणे हा लोकांच्या वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. त्यांची सूचना मान्य होऊन १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातले पहिले अधिकृत कार्ड विक्रीला आले. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा. राणी व्हिक्टोरियाचे चित्र छापलेल्या त्या कार्डाच्या दर्शनी बाजूला फक्त पत्ता लिहावा अशी इंग्रजीत सूचना असे. बंद पत्राला अर्धा आणा पडत असताना पाव आण्यात देशाच्या कोणत्याही टोकाला निरोप जाऊ लागला, आणि आजवर ज्यांनी कधी टपाल वापरले नव्हते ते लोक पोस्टाच्या खिडकीशी आले. चाळकरींनी सांगितलेली पोचल्याची कार्डे शक्य झाली ती या किमतीमुळे.

चित्रांचा मुद्दा निघाला आहे तर हेही सांगितले पाहिजे की सुरुवातीला पत्त्याच्या बाजूवर मजकूर लिहिण्यास मनाई असल्यामुळे चित्र आणि मजकूर यांना एकाच बाजूवर दाटीवाटीने राहावे लागे. १९०२ साली ब्रिटनने पत्त्याची बाजू उभी दुभागण्यास परवानगी दिली आणि पाठोपाठ इतर देशांनीही दिली. एक पूर्ण बाजू चित्राला मोकळी झाली, आणि चित्रकार्डांचा सुवर्णकाळ सुरू झाला. मुंबई त्यात मागे नव्हती. सर जे. जे. कला महाविद्यालयातले आपले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या नाना तऱ्हेच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली. त्या वेळची मुंबईची रस्त्यावरची माणसे, त्यांची पागोटी, लुगडी, उभे राहण्याच्या ढबी, हे सारे त्या तळहाताएवढ्या चित्रांत टिकून राहिले आहे. संग्राहकांनी ती जपली नसती तर आज ती आपल्याला पाहायला मिळाली नसती. तेव्हा तळटीप यांनी चित्रे जमवणाऱ्यांवर इतके रागावू नये, ही विनंती.

अनोळखी माणसाला कार्ड लिहिणेही आपल्याकडे नवे नाही. आकाशवाणीवरच्या "आपली आवड"साठी गाण्यांची फर्माईश करणारी कार्डे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात, आणि निवेदिकेच्या तोंडून आपले व आपल्या गावाचे नाव ऐकण्यासाठी सगळे घर रेडिओभोवती बसे. पुढे नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या "सुरभि"मधल्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या कार्डांचा असा पूर आला की टपाल खात्याने स्पर्धांसाठी जास्त किमतीचे वेगळे कार्डच काढले. २००२ साली पत्त्याच्या बाजूला जाहिरात असलेले "मेघदूत" कार्ड पंचवीस पैशांत आले, आणि साधे कार्ड तर कित्येक वर्षे पन्नास पैशांवरच राहिले. पन्नास पैशांचे नाणे दुकानात कोणी घेईनासे झाले तरी त्या किमतीत निरोप जात राहिला.

मुंबईकरांसाठी आणखी दोन गोष्टी. जीपीओची वास्तू जॉन बेग या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९०४ ते १९१३ या काळात उभी राहिली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्राचा पांढरा दगड यांनी ती बांधली आहे. कार्ड टाकण्याच्या निमित्ताने आत जावे आणि मधल्या दालनात उभे राहून एकदा वर पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे पत्त्याखालचे सहा अंक. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृत कवीही होते. पहिला अंक विभागाचा, आपला ४. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, मुंबईसाठी ४००. शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष पोस्टाचे. म्हणून जीपीओ ४००००१ आणि गिरगाव ४००००४. एकाच नावाची गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते असलेल्या देशात वर्गीकरण करणाऱ्याला ज्याचा आधार वाटावा असा क्रमांक एका कवीने आखून दिला, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

फळाखडू

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत शिकवते. सातवीच्या पुस्तकातले पत्रलेखन मुले परीक्षेपुरते करतात, म्हणून या वर्षी मी ठरवले की प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना किंवा गावच्या कोणाही नातेवाइकाला खरेखुरे कार्ड लिहायचे आणि आपल्या हाताने पेटीत टाकायचे.

पहिली अडचण पत्त्यांची आली. मुलांच्या आईवडिलांकडे सर्वांचे फोन क्रमांक होते, पण पूर्ण पत्ता फार थोड्यांना माहीत होता. गाव, तालुका, जिल्हा, पोस्ट कुठले आणि पिन कोड कोणता, हे विचारण्यासाठी घरोघरी फोन झाले, आणि त्या निमित्ताने बऱ्याच दिवसांत न झालेली बोलणीही झाली. एका मुलाने पत्त्यात "मारुतीच्या देवळामागे" असे लिहिले होते आणि हे चालेल का म्हणून तो काळजीत होता. कार्ड बरोबर पोचले.

उत्तरे पुढे काही आठवडे येत राहिली आणि रोज मधल्या सुट्टीत कोणीतरी कार्ड दाखवायला आणत असे. त्यांतले एक मी कधी विसरणार नाही. एका मुलीची आजी मोठेपणी साक्षरता वर्गात लिहायला शिकलेली. तिने कोणाच्या मदतीशिवाय स्वतः उत्तर लिहिले होते. अक्षरांवर शिरोरेघा नव्हत्या, प्रत्येक अक्षर सुटे आणि मोठे होते, ओळ उजवीकडे उतरत गेली होती, आणि शेवटचा शब्द न मावल्यामुळे कडेने वर चढवला होता. मजकूर एवढाच: "तुज कारड मिळाल. मी वाचल. अब्यास कर." मुलीने आजीचे अक्षर त्यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते. वर्गातल्या कोणीही त्यातल्या शुद्धलेखनाबद्दल एक शब्द काढला नाही. मला त्या दिवशी माझ्या मुलांचा फार अभिमान वाटला.

तळटीप यांच्या आत्यांसारखी माणसे किती असतील याचा अंदाज मला या उत्तरांवरून आला. बहुतेक कार्डांवर "पुन्हा लिही" असे होते.

जाईजुई

फळाखडू, त्या आजींना माझा नमस्कार कळवा.

नव्याने लिहू लागणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते. साध्या पिवळ्या कार्डाचा कागद शाई शोषतो, त्यामुळे त्यावर बॉलपेनच चांगले. चकचकीत चित्रकार्डावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि पावसाच्या एका थेंबाने पत्ता वाहून जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तर याची काळजी घ्यावीच लागते. पूर्वी घरात पत्त्यावरून मेणबत्ती हलकेच फिरवायची पद्धत होती, ती मी अजून पाळते. पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळून जातो. मुसळधार पावसात रस्त्यावरच्या पेटीपेक्षा पोस्टात आत जाऊन कार्ड द्यावे, आणि परदेशी कार्डावर किती तिकीट लागेल ते त्याच वेळी खिडकीवर विचारावे. परदेशी पत्त्याच्या शेवटच्या ओळीत देशाचे नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि चित्रकार्डाच्या तळाची बोटभर पट्टी कोरी सोडावी, कारण अनेक देशांतली वर्गीकरणाची यंत्रे तिथे आपल्या खुणा छापतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मात्र पत्ता बिनधास्त मराठीत लिहावा.

आणि तळटीप, तुमचे म्हणणे मनावर घेऊन मी या आठवड्यात नाशिकच्या माझ्या थोरल्या काकूंना कार्ड टाकले आहे.

तळटीप

जाईजुई, हे वाचून आनंद झाला. मीही थोडे पुढे गेलो आहे. आत्याला कार्ड लिहिले तेव्हा अक्षर मोठे ठेवले, ओळींत अंतर सोडले आणि काळ्या शाईने लिहिले. तिला वाचता आले, पण उत्तर लिहायचे तर कार्ड आणायला पोस्टात जाणे तिला जमत नाही. म्हणून एका पाकिटात काही कोरी कार्डे घालून पाठवली आणि प्रत्येकावर माझा पत्ता आधीच लिहून दिला. चाळकरींच्या आजीने गावी जाणाऱ्यांसाठी जे केले तेच. आत्याने पहिल्या कार्डावर बातमीऐवजी आमच्या आजोबांची एक आठवण लिहून पाठवली आणि खाली "पुढील कार्डी पुढचे" असे लिहिले. म्हणजे आता मला क्रमशः गोष्ट मिळणार आहे. ज्यांच्या घरी वयस्कर मंडळी आहेत त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

धुरंधरांच्या कार्डांविषयी टपालवेडा यांनी लिहिलेले मान्य आहे. संग्राहकांबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतो. मजकुराबद्दलचा आग्रह कायम आहे.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. १ ऑक्टोबर हा दिवस २०१९ पासून जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळला जातो. टपालवेडा यांनी सांगितलेल्या पहिल्या कार्डाची तीच तारीख. त्या निमित्ताने आपल्यापुरती देवाणघेवाण करावी असा प्रस्ताव मांडतो. इच्छुकांनी पत्ता या धाग्यावर उघड न लिहिता मला व्यक्तिगत निरोपातून कळवावा. मी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एका सदस्याचा पत्ता कळवीन. ज्याला पत्ता मिळेल त्याने दोन कार्डे टाकायची: एक त्या सदस्याला आणि एक आपल्या नात्यातल्या अशा माणसाला, ज्याला फोनवर नीट बोलता येत नाही किंवा ज्याच्याशी बरेच दिवसांत बोलणे झालेले नाही. मजकूर किमान पाच ओळींचा आणि हाताने लिहिलेला असावा. चित्रकार्ड की साधे पिवळे, ते ज्याचे त्याने ठरवावे. पावसाळा लांबला तर जाईजुई यांची मेणबत्ती लक्षात ठेवावी. पत्ते मला १० सप्टेंबरपर्यंत मिळाले तर सगळ्यांना लिहायला पुरेसा अवधी राहील. फळाखडू, तुमच्या वर्गातल्या मुलांना यात भाग घ्यायचा असेल तर शाळेच्या पत्त्यावर उत्तरे मागवता येतील. तसे असल्यास कळवा, म्हणजे मी शाळेसाठी वेगळ्या चिठ्ठ्या करीन.